कोंबडी कोणी नेली?

पावसाळ्यात सर्पदंशाचा रुग्ण आला की किती वाजता चावला, साप दिसला का, पोट दुखते का, पापण्या जड वाटतात का, हे सारे विचारून झाल्यावर मी आणखी एक प्रश्न विचारतो : घरी कोंबड्या आहेत का? नातेवाइकांना हा प्रश्न अवांतर वाटतो. डॉक्टरांना आत्ता कोंबडीची कुठे आठवण झाली, असा भाव चेहऱ्यावर दिसतो. पण आमगाव, सालेकसा, देवरी या भागातल्या खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांकडून बरेचदा 'हो' असे उत्तर मिळते. थोडे खोदून विचारले की पुढची हकीकतही कळते. रात्री खुराड्यात फडफड झाली, 'बोका आला असेल' असे म्हणून घरातले कोणी उठले आणि दिवा न लावता आत हात घातला.

कोंबडी कोणी नेली, हा प्रश्न म्हणूनच माझ्या दृष्टीने पशुपालनाइतकाच आरोग्याचाही आहे. चोर चुकीचा ओळखला तर उपायही चुकीचा होतो. सापाला मांजर समजून हात घातला जातो, कुत्र्याच्या कामाचा आळ रानमांजरावर येऊन विष पेरले जाते, आणि रोगाने मेलेली कोंबडी 'मुंगसाने मारली' म्हणून स्वयंपाकघरात जाते. तिन्ही प्रकारांचा शेवट दवाखान्यात होतो.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदके मोजली गेली. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातले, म्हणजे तुमच्या-आमच्या अंगणात दाणे टिपणारे. मागच्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली. आपल्या भागात दहा-पंधरा गावठी कोंबड्या म्हणजे घरातल्या बाईच्या हातातला पैसा. मुलाची वही, आजारपणात आमगावपर्यंत यायचे भाडे, पाहुण्यांचा रस्सा, सगळे त्यातूनच निघते. एका रात्रीत पाच कोंबड्या गेल्या तर ते नुकसान शहरातल्या माणसाला वाटते तेवढे किरकोळ नसते.

आणि आपला मुलूखही असा, की संशयितांची यादी लांबच लांब. घराच्या मागे वाडी, वाडीला लागून धानाच्या बांध्या, मधे बोडी नाहीतर मामा तलाव, पलीकडे झुडपी जंगल, आणि त्याच्याही पलीकडे नवेगाव-नागझिऱ्याकडचे किंवा छत्तीसगडच्या सीमेवरचे खरे जंगल. रानमांजर, जवादी मांजर, उदमांजर, मुंगूस, कोल्हा, खोकड, घोरपड, धामण, नाग, घार, शिक्रा, घूस हे सारे इथलेच रहिवासी. त्यात गावातली कुत्री आणि मांजरे धरा. कधीमधी बिबट्याही.

आधी इतिहास, मग तपासणी

निदानाची आमची पद्धत जुनीच आहे. रुग्णाला हात लावण्याआधी त्याची हकीकत ऐकायची. इथे रुग्ण बोलणार नाही, पण हकीकत विचारता येते. कोंबडी दिवसा गेली की रात्री? एक गेली की अनेक? गेली, की मरून तिथेच पडली? पिल्ले गेली, अंडी गेली, की मोठी कोंबडी? एवढ्या चार प्रश्नांवर अर्धी यादी खोडली जाते.

दिवसाढवळ्या पिल्ले एकेक करून कमी होत असतील तर आधी वर बघावे. घार अंगणात झेप घेऊन पिल्लू उचलते आणि थांबत नाही. शिक्रा लहान असला तरी धीट असतो. कावळेही लहान पिल्लांना सोडत नाहीत. दिवसाचा दुसरा मोठा संशयित म्हणजे मुंगूस. तो दिवसा हिंडणारा प्राणी आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. रात्री दोन वाजता खुराड्यात शिरलेल्या प्राण्याला 'मुंगूस' म्हणणे बहुतेक वेळा चूकच ठरते. रात्रीचे गडी वेगळे : रानमांजर, जवादी मांजर, उदमांजर, कोल्हा, घूस आणि नाग. धामण मात्र दिवसा फिरते. कुत्र्याला वेळेचे बंधन नाही.

आता तपासणी. मेलेली कोंबडी मिळाली असेल तर ती फार काही सांगते. फक्त उघड्या हाताने तिला हात लावू नये. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातात घालावी.

पहिली गोष्ट पिसांची. शिकारी पक्षी पिसे चोचीत धरून उपटतो, त्यामुळे पिसांचा देठ मुळापर्यंत शाबूत राहतो आणि पिसांचा ढीग एकाच जागी गोल पडलेला दिसतो. मांजर, कोल्हा, कुत्रा हे दाताने चावून पिसे तोडतात. मग देठ मध्येच तुटलेले, चुरगळलेले, लाळेने एकमेकांना चिकटलेले असतात. ही खूण इतकी साधी आहे की शाळेतल्या मुलालाही शिकवता येईल.

दुसरी गोष्ट जखमेची, आणि ही आमच्या शवविच्छेदनाच्या खोलीतली आहे. जिवंतपणी झालेली जखम आणि मेल्यावर झालेली जखम यांत फरक असतो. प्राणी जिवंत असताना चावा बसला तर हृदय चालू असल्याने रक्त आजूबाजूच्या मांसात झिरपते, कातडीखाली काळेनिळे साकळते. मेल्यावर कोणी लचका तोडला तर तिथे मांस फिकट राहते, रक्त साकळत नाही. कोंबडीच्या मानेवर दातांच्या खुणा आहेत आणि कातडीखाली रक्त साकळलेले आहे, तर तिला खरोखर कोणीतरी मारले. पोट फाडलेले आहे पण कातडीखाली कुठेच रक्त नाही, तर ती आधीच मेलेली होती, आणि नंतर कुत्र्याने, कावळ्याने किंवा घुशीने तिला खाल्ले. हा फरक महत्त्वाचा का, ते पुढे सांगतो. कातडी सोलून पाहण्याचे काम मात्र पशुवैद्यकाचे. घरी करत बसू नये.

मांजरकुळातले प्राणी मानेवर, डोक्याच्या मागे नेमका चावा घेतात. जखमा थोड्या, खोल आणि जवळजवळ असतात. रानमांजर सहसा एकच कोंबडी मारते आणि उचलून नेते. मागे थोडी पिसे, एखादा रक्ताचा थेंब, आणि धुऱ्याकडे किंवा तणसीच्या ढिगाकडे गेलेली पिसांची रेघ. कोल्हाही एकच नेतो, तीही फरफटत. कुत्र्याचे काम वेगळेच असते. तो छातीवर, पाठीवर, मांडीवर, जिथे मिळेल तिथे चावतो आणि झटके देतो. हाडे मोडतात, आतडी फाटतात, पण खाल्लेले काहीच नसते. अंगणभर सहा कोंबड्या विखरून पडलेल्या आणि एकही खाल्लेली नाही, असे दृश्य दिसले तर रानाकडे बोट दाखवण्याआधी गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांकडे, आणि खरे सांगायचे तर आपल्याच दारातल्या कुत्र्याकडे पाहावे. माझा कुत्रा असे करणार नाही, हे वाक्य श्वानदंशाच्या ओपीडीत मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याची नोंद घेत नाही.

कौलारू घरांत, म्हणजे आपल्याकडच्या कवेलूच्या घरांत, रात्री वरून खुडखुड ऐकू येते आणि सकाळी कोंबडी गायब असते, तेव्हा उदमांजराचा संशय घ्यावा. ते झाडावर आणि छपरावर सहज चढते. त्याची विष्ठा उंच जागी, भिंतीवर, फांदीवर, मोरीच्या कट्ट्यावर सापडते आणि तिच्यात फळांच्या बिया असतात. मोह, जांभूळ, टेंभुर्णीच्या हंगामात ते मुख्यतः फळांवरच असते. जवादी मांजर जमिनीवरून येते, आणि ते येऊन गेल्याचे त्याच्या उग्र वासावरून कळते.

मुंडके नसलेली कोंबडी

आता एका जरा नाजूक विषयाकडे येतो. सकाळी खुराड्यात कोंबडी पडलेली, धड शाबूत आणि मुंडके मात्र गायब. किंवा मानेवर दोन छिद्रे आणि बाकी काही नाही. 'रक्त पिऊन गेला' असे लोक म्हणतात. आणि एवढ्यावर थांबले तर बरे. पण कधी ती कोंबडी दारासमोर पडलेली असते, त्या आठवड्यात घरात कोणाला ताप आलेला असतो, आणि शेजारच्या म्हातारीचे नाव कुजबुजत घेतले जाते. करणी, मूठ, चेटूक. या संशयातून माणसांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना आपल्या पूर्व विदर्भाला नव्या नाहीत. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि अशा संशयावरून एखाद्याला छळणे हा त्याखाली गुन्हा आहे.

शरीरशास्त्र काय म्हणते ते पाहू. आपल्या भागात कोंबडीचे रक्त शोषून घेणारा एकही मांसाहारी प्राणी नाही. मांजर, जवादी, मुंगूस हे चावा मानेवर आणि डोक्यावरच घेतात, कारण तिथे मेंदू आणि मज्जारज्जू असतो आणि भक्ष्य लवकर मरते. दात काढल्यावर दोन छिद्रे राहतात. हृदय थांबले की रक्त फार वाहत नाही, जे आत साकळते ते बाहेरून दिसत नाही. म्हणून 'रक्त पिऊन टाकले' असे वाटते. मुंडकेच का जाते? कारण जाळीच्या किंवा बांबूच्या फटीतून कोंबडीने घाबरून मान बाहेर काढलेली असते, किंवा बाहेरच्या प्राण्याला पंजा आत घालता आलेला असतो. डोके फटीतून बाहेर येते, धड येत नाही. जे हाती लागले ते घेऊन प्राणी जातो. याचे उत्तर मांत्रिकाकडे नाही, सुताराकडे आहे. फट बुजवा, मुंडकी जायची थांबतील.

एकाच रात्री दहा-बारा कोंबड्या मारून त्यातली एखादीच खाल्ली, हेही लोकांना अनैसर्गिक वाटते. 'भुकेसाठी मारले असते तर एक मारली असती, हा दुष्टपणा आहे,' असे म्हणतात. प्राणिवर्तनाचे अभ्यासक हान्स क्रूक यांनी १९७२ मध्ये या वागण्यावर एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काळोख्या रात्री कोल्ह्यासारख्या खोकडांनी घरट्यांवरचे कुरव पक्षी मोठ्या संख्येने मारून टाकले होते. सेरेंगेटीत एका वादळी रात्री तरसांनी हरणांचा असाच संहार केला होता. त्यांच्या मांडणीचा सारांश असा : शिकाऱ्याच्या मेंदूत शोधणे, पकडणे, मारणे आणि खाणे या वेगवेगळ्या कळा आहेत. पोट भरले की शोधण्याची कळ मंदावते, पण समोर फडफडणारे आणि पळू न शकणारे भक्ष्य असेल तर मारण्याची कळ दाबली जातच राहते. जंगलात एक मारले की बाकीचे उडून जातात, म्हणून ही वेळ येत नाही. बंद खुराड्यात ती येते, आणि खुराडे तर आपणच बांधलेले असते.

काहीच नाही, तेव्हा साप

सर्वांत घातक खूण म्हणजे कोणतीच खूण नसणे. रक्त नाही, पीस नाही, जाळी तुटलेली नाही. संध्याकाळी मोजलेली आठ पिल्ले सकाळी सहा झाली, किंवा खुडूक कोंबडीखालची अंडी टरफलासकट नाहीशी झाली. साप चावून खात नाही, अख्खे गिळतो. म्हणून मागे कचरा उरत नाही. मुंगूस किंवा घूस अंडे फोडते, टरफल सापडते. कधी कधी पिल्लू मेलेले सापडते आणि त्याचे डोके, मान ओली, पिसे चापून बसलेली असतात. सापाने डोक्याकडून गिळायला सुरुवात केली, गिळले गेले नाही म्हणून सोडून दिले, असा त्याचा अर्थ.

आणि कधी साप आतच असतो. बारीक फटीतून आत शिरतो, दोन पिल्ले गिळतो, पोट फुगते आणि त्याच फटीतून बाहेर निघता येत नाही. मग तो कोपऱ्यात वेटोळे घालून पडून राहतो. पहाटे घरातली बाई अंडी काढायला हात घालते ती थेट त्याच्यावर. धामण असेल तर भीतीवर भागते, ती बिनविषारी. पण नागालाही पिल्ले, अंडी आणि उंदीर तितकेच प्रिय. अंधारात हाताला लागलेला साप नाग आहे की धामण, हे कोणाला कळणार?

मागे एक आजी आल्या होत्या, बोटाला फडके बांधून. मी विचारले, "आजी, साप पाहिला का?" त्या म्हणाल्या, "साप नाही जी डाक्टरसाहेब, खुराड्यात कोंबडीच चोच मारली. बसली होती नं अंड्यावर." हातावर दोन स्पष्ट खुणा होत्या आणि सूज मनगटापर्यंत चढत होती. चोचीने अशी सूज चढत नाही. त्यांना वेळेत प्रतिविष मिळाले, त्या चालत घरी गेल्या. खुडूक कोंबडी चोच मारते हे खरे आहे, आणि म्हणूनच हा गैरसमज धोक्याचा आहे.

भारतात सर्पदंशाने किती माणसे मरतात, याचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा : २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक ग्रामीण भागातले, बहुतेक पावसाळ्यातले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला. आराखडे होत राहतील, खुराड्यात हात घालण्याआधी टॉर्च मारायला मात्र आराखडा लागत नाही. अंडी काढायला लांब दांड्याचा पळा वापरावा, खुराडे कमरेइतक्या उंचीवर असावे आणि समोरचे दार पूर्ण उघडणारे असावे, म्हणजे आतले सगळे दिसते.

चावलेच तर हातातली अंगठी, बांगड्या, दोरे काढा. हात हलवू नका. करकचून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. थेट सरकारी रुग्णालयात या. प्रतिविष तिथे मोफत मिळते. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत आणण्याची गरज नाही. त्या नादात दुसऱ्यालाही चावा बसतो. मण्यार चावल्याची जागा बरेचदा दिसतही नाही आणि दुखतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. ती कोंबड्यांसाठी येत नाही, उंदरांच्या आणि इतर सापांच्या मागावर येते, पण उंदीर कुठे येतात? जिथे कोंबड्यांचा दाणा सांडतो तिथे. खुराड्याला लागून असलेल्या ओसरीत खाली अंथरूण टाकून झोपू नये. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी फार कामाची. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे दिसले आहे.

वर्ध्यात काही वर्षांपूर्वी पुन्हा सापडलेला अंडीखाऊ साप म्हणून एक दुर्मीळ जात आहे, तिच्याविषयी लोक विचारतात. तो लहान पक्ष्यांची अंडी खातो. कोंबडीचे अंडे त्याच्या तोंडात मावायचे नाही, त्याच्यावर आळ घेऊ नये.

मारलीच नव्हती

आता मघाच्या रक्त न साकळलेल्या जखमेकडे येऊ. कोंबडी आधी मेली आणि नंतर कोणी खाल्ली, असे असेल तर ती मेली कशाने? आपल्याकडे पहिले उत्तर रानीखेत, ज्याला आपण मानमोडी म्हणतो. मान वाकडी, हिरवट हगवण, पंख लुळे. हा कोंबड्यांचा रोग, माणसाला त्याचा फारसा धोका नाही, फार तर डोळे येतात. लस आहे, ती टोचून घ्यावी.

दुसरे उत्तर बर्ड फ्लू. भारतात हा रोग कोंबड्यांमध्ये पहिल्यांदा सापडला तो महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या दगावल्या. त्याच वर्षी हरियाणातल्या एका अकरा वर्षांच्या मुलाचा या रोगाने दिल्लीत मृत्यू झाला, देशातला माणसाचा तो पहिला नोंदलेला बळी. आणि आपल्या शेजारचे उदाहरण अजून ताजे आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले : एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूच. खाण्यातून संसर्ग झाला असावा असा संशय घेतला गेला. वाघासारखा प्राणी ज्याने मरतो तो विषाणू आपल्या अंगणात 'मांजराने अर्धवट खाल्लेली' कोंबडी म्हणून पडलेला असू शकतो.

शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. धोका असतो तो सोलताना, पिसे काढताना, आतडी धुताना. हे काम बहुधा घरातली बाई करते आणि शेजारी मूल बसलेले असते. म्हणून साधा नियम सांगतो : मेलेली सापडलेली कोंबडी, ती कोणी मारली असे वाटत असले तरी, खायची नाही. एकदम तीन-चार मेल्या, तुरा निळा पडला, डोके सुजले, किंवा गावात कावळेही मरून पडले असतील तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचे. आणि अशा कोंबड्यांत वावरलेल्या माणसाला आठवड्याभरात ताप, खोकला आला तर डॉक्टरांना कोंबड्यांची गोष्ट आवर्जून सांगायची. आम्ही विचारायला विसरलो तरी तुम्ही सांगायला विसरू नका.

चोराशी झटापट

खुराड्यात कोंडल्या गेलेल्या प्राण्याला हाताने पकडायला गेले की तो चावतो, मग तो मुंगूस असो, रानमांजर असो की गावातला बोका. रेबीजचे बहुतेक मृत्यू कुत्र्याच्या चाव्याने होतात, पण रेबीज सर्व सस्तन प्राण्यांना होऊ शकतो, आणि जंगली प्राण्याचा चावा आम्ही सर्वांत गंभीर गटात धरतो. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट काही लावू नये. रुग्णालयात लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दिली जाते, आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. तिसऱ्या लशीनंतर रोवणीचे दिवस आले म्हणून चौथीला न येणारे बरेच असतात. 'कुत्र्याने चावलेली कोंबडी खाल्ली तर इंजेक्शन घ्यायचे का?' असेही विचारतात. पक्ष्यांपासून रेबीज होत नाही, शिजवून खाल्ल्याने तर नाहीच. पण तशी कोंबडी टाकून द्यावी, कारण त्या जखमांत बाकीचे जंतू असतात.

याहून मोठी भीती मला विषाची वाटते. अर्धवट खाल्लेल्या कोंबडीत कीटकनाशक भरून धुऱ्यावर ठेवायचे, म्हणजे चोर पुन्हा येईल आणि मरेल, हा हिशेब. फोरेट, ज्याला सगळे थिमेट म्हणतात, त्यावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, तरी जुने डबे घराच्या आढ्यावर असतातच. ते दाणे हाताळणाऱ्या माणसाच्या कातडीतूनही अंगात भिनतात. लाळ गळते, घाम सुटतो, बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छाती भरून येते. उंदरांच्या बिळात धान्याच्या गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, टाकून बीळ बुजवणारेही आहेत. मातीच्या घरात बीळ झोपायच्या खोलीत निघते आणि वायू तिथे जातो. त्यावर उतारा नाही. खुराड्याभोवती विजेची जिवंत तार सोडणे तर आपल्याच माणसाचा जीव घेणे आहे. रात्री लघवीला उठलेल्या माणसाला तार दिसत नाही.

शिवाय मारायचे कोणाला? रानमांजर, जवादी, मुंगूस, कोल्हा, घोरपड या सगळ्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, हा एक भाग. दुसरा भाग आपल्या सोयीचा आहे. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात रानमांजराच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यावरून एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खाते असा अंदाज निघाला. वर्षाचा हिशेब हजाराच्या पुढे जातो. धानाच्या बांधीत हजार उंदीर कमी म्हणजे किती धान वाचले, आणि उंदरांमार्फत येणारे लेप्टोस्पायरोसिस आणि २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भाने अनुभवलेला स्क्रब टायफस यांचा धोका किती घटला, याचे गणित मांडा. त्या बदल्यात वर्षाला एखादी कोंबडी. मी शेतकरी असतो तर हा सौदा परवडला असता, फक्त खुराडे नीट बांधले असते.

नीट म्हणजे अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, सहा कोनांची पातळ जाळी नव्हे. ती कोंबडी आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. जाळी जमिनीत फूटभर पुरलेली. वर छप्पर. दार दिवेलागणीला बंद, रात्री जेवणानंतर नव्हे. सरपण आणि तणसीचा ढीग खुराड्यापासून दूर, कारण साप, मुंगूस, घूस सगळ्यांचे ते वसतिगृह असते. सांडलेला दाणा संध्याकाळी झाडून काढायचा.

तरीही कोंबडी गेली, तर चुलीतली राख चाळून घ्या. संध्याकाळी खुराड्याभोवती हातभर रुंदीचा पातळ थर पसरा. सकाळी मुलांना उठवून बघायला लावा, त्यांची नजर चांगली असते. गोल ठसा, चार बोटे, नखांची खूण नाही : मांजर. तोच ठसा चार-पाच सेंटिमीटरचा असेल तर रानमांजर किंवा गावातला दांडगा बोका. सात-आठ सेंटिमीटरच्या पुढे गेला, म्हणजे आगपेटीपेक्षाही मोठा, तर तो बिबट्याचा असू शकतो. मग ठशाशेजारी आगपेटी ठेवून फोटो काढा, वनविभागाला कळवा आणि मुलांना अंधारात अंगणात एकटे सोडू नका. लांबट ठसा आणि पुढे नखे टेकलेली : कुत्रा किंवा कोल्हा. पाच बोटे दिसली तर मुंगूस किंवा उदमांजर. बारीक बोटांचे असंख्य ठसे म्हणजे उंदीर-घुशी. आणि राखेत एक गुळगुळीत नागमोडी पट्टा आत जाताना दिसला व बाहेर येताना दिसला नाही, तर दार उघडू नका. सर्पमित्राला फोन करा, आणि तो येईपर्यंत अंडी राहू द्या तिथेच.